अनोळखी माणसांना बोलतं करणारं बाकडं कसं असतं?

संध्याकाळी कुठल्याही शहरातल्या बागेत चक्कर मारा. दहा बाकडी असतील तर दहा माणसं दहा टोकांना बसलेली दिसतात. बोलायची इच्छा नसते असं नाही, पण सुरुवात कोणी करायची, हा प्रश्न असतो. बागेत ठेवायची एखादी वस्तू हा प्रश्न सोडवू शकते का?

बीड जिल्ह्यातल्या गावांकडे यावर जुना उपाय आहे, पार. वडाला किंवा पिंपळाला बांधलेला ओटा, वर सावली, समोर रस्ता. जाणारा राम राम घालतो, बसलेला सरकून जागा देतो आणि पाऊस, कापूस, एसटी असे विषय आपोआप निघतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे तिथली सावली ही चैनीची गोष्ट नाही. लोखंडी बाकडं उन्हात ठेवलं तर त्यावर बसणार कोण?

पण पार जसाच्या तसा बागेत आणून भागत नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. परका आला की पहिला प्रश्न येतो, "कुणाकडं आलात?" बाया पारावर क्वचितच बसतात. कित्येक गावांत दलितांना तिथे बसायची मुभाच नव्हती. आठवणींच्या गप्पांत हा भाग हमखास गळतो.

अमेरिकेत विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांत माणसं कशी वागतात याचं चित्रीकरण केलं आणि 1980 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दोन अनोळखी माणसांमध्ये एखादी तिसरी गोष्ट आली, म्हणजे वाजवणारा कलाकार किंवा एखादं शिल्प, की ती एकमेकांशी बोलतात, असं त्याला दिसलं. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईत फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्ष संमेलन भरलं. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने झालेल्या या संमेलनाचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. अनोळखी माणसांना बोलायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात 2019 मध्ये याहून सोपी युक्ती निघाली. बाकड्यावर पाटी लावायची की, इथे बसलेल्याशी बोललं तरी चालेल. खर्च जवळजवळ शून्य. पण हीच पाटी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात लावली आणि तिथे एखादी बाई एकटी बसली, तर त्याचा भलताच अर्थ काढणारे कमी नसतात. म्हणून आमंत्रण माणसाच्या अंगावर नको, वस्तूवर हवं. दगडी ओट्यावर कोरलेला बुद्धिबळाचा पट, दोघांनी मिळून पाणी घालायची रोपं, असं काहीतरी. खेळ बघत उभं राहिलं तरी चालतं आणि कंटाळा आला तर काही न सांगता निघून जाता येतं. ओपन जिममधलं कंबर फिरवायचं तिघांचं यंत्र हेच काम करतं. मधल्या खांबाभोवती तिघं समोरासमोर येतात आणि दोन मिनिटांत गुडघेदुखीवर चर्चा सुरू होते.

बाकडी समोरासमोर ठेवली तर अवघडायला होतं. एका ओळीत ठेवली तर मान वळवावी लागते. काटकोनात ठेवली की नजर भेटते आणि हवी तेव्हा हलवताही येते.

मग अॅप का नको? कारण अॅप आधी नाव मागतं. आपल्याकडे नावामागून आडनाव येतं आणि आडनावामागून जात. मराठा आरक्षणाच्या वादात बीडने 2023 मध्ये जाळपोळ पाहिली. 2025 मध्ये तिथले पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढायला लावलं, ते जातीचा विचार मधे येऊ नये म्हणूनच. बागेतल्या बाकड्याला ही अडचण मुळातच नाही. ते कुणाचं नावच विचारत नाही.