एक पौंड धान्य आणि दंडाची पट्टी

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. दुकानात ज्वारीच्या पिठाचं अर्ध्या किलोचं पाकीट मिळतं. त्यातून मूठभर पीठ काढून ठेवलंत की उरेल साधारण तेवढं. दिवसभर खडी फोडणाऱ्या, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या गड्याला जगायला एवढं धान्य पुरतं, असं जानेवारी १८७७ मध्ये सरकारने ठरवलं. सोबत मीठमिरचीसाठी अर्धा आणा. बायकांना आणि पोरांना त्याहूनही कमी.

हा हिशेब ज्यांच्या पोटाला लावला गेला, त्यांत आमच्या इंदापूरची माणसं होती आणि शेजारच्या भीमथडीचीही. (बारामती, सुपे हा सगळा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात होता.) पुणे जिल्ह्यात या दुष्काळाचा सगळ्यात जास्त मार पूर्वेकडच्या या पट्ट्याने खाल्ला. आज इथून जाताना दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला पुण्यामुंबईच्या गाड्या येतात, त्यामुळे हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण नीरेचा डावा कालवा, ज्याच्या पाण्यावर इथल्या बागायतीची सुरुवात झाली, तोच मुळात १८७६ साली दुष्काळी काम म्हणून खोदायला घेतला होता. कालव्याकाठी वाढलेल्या आम्हा मुलांना हे शाळेत कुणी सांगितलं नाही. कालवा म्हणजे पोहायची जागा, एवढंच माहीत.

दुष्काळ आला तोही आधीच मोडलेल्या घरांवर. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. इतिहासाच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन ओळी असतात, ते हेच. कर्ज, वाढवलेला सारा आणि मग १८७६चा कोरडा पावसाळा. घरात धान्य नाही, विकायला काही नाही, म्हणून माणसं सरकारी कामांवर गेली.

या कथेतला मुख्य माणूस सर रिचर्ड टेंपल. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात त्याने सढळ हाताने धान्य वाटलं होतं. माणसं वाचली, पण पैसे उधळले म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. तो धडा त्याने नको तितका मनावर घेतला. व्हाइसरॉय लिटनने दख्खनच्या आणि मद्रासच्या दौऱ्यावर पाठवल्यावर त्याने काटकसर सुचवली, आणि तिचं नाव पडलं ‘टेंपल वेज’. आमच्याकडे त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितलं. पुणे, सोलापूर, नगर या भागांत हजारो मजुरांनी कामं सोडली. हा उपाशी माणसांचा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून बातम्या मागवल्या, त्यांचे दुष्काळी वृत्तांत छापले आणि सरकारच्या मागे लकडा लावला. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे ही नावं तुम्हाला माहीत असतील. त्यांच्या कामातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पण मला इथे बोलायचंय ते डॉक्टरांबद्दल. त्या काळच्या डॉक्टरला जखम शिवता यायची, हाड बसवता यायचं, देवीची लस टोचता यायची. भूक हा विषय त्याला कुणी शिकवलाच नव्हता. भूक ही मामलेदाराची, इंजिनिअरची, फार तर धर्मादाय लोकांची बाब. त्या वर्षी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चाललं ते सत्यशोधक समाजाचं, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. तिथे उमजलेलं कुठल्या वैद्यकीय पुस्तकात गेलं नाही.

अपवाद होता मद्रासचा सॅनिटरी कमिशनर, डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश. तो म्हणाला, हा पैशाचा प्रश्न नाही, शरीराचा आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य हवं, शिवाय डाळ आणि भाजी हवी. तुरुंगात सक्तमजुरीच्या कैद्यालासुद्धा तुमच्या मजुरापेक्षा जास्त मिळतं. टेंपलचा भरवसा डोळ्यांवर होता: कामावरची माणसं बघितली, बरी दिसतात. कॉर्निश म्हणत होता, नुसतं बघून कळत नाही, मोजावं लागतं. वाद महिनोन् महिने चालला. शेवटी मद्रासमध्ये मजुरी वाढवावी लागली. टेंपल मात्र त्याच मे महिन्यात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

डोळ्यांचा भरवसा का धरू नये, हे आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला सूज येते. गाल भरल्यासारखे दिसतात, पाय गुबगुबीत वाटतात. ते मूल लांबून बाळसेदार दिसतं आणि दोन दिवसांत जातं. दुसरी गोष्ट याहून क्रूर आहे. अशा माणसाला दयेपोटी एकदम पोटभर जेवू घातलं, तर त्या जेवणानेच तो मरू शकतो. मद्रासच्या दुष्काळी छावणीत डॉ. अलेक्झांडर पोर्टरने शेकडो शवविच्छेदनं केली आणि १८८९ साली त्यावर पुस्तक काढलं. उपासमारीत आतडीही झिजतात, अन्न पोटात गेलं तरी अंगी लागत नाही, हे त्यात नोंदवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषणावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली ती १९९९ साली. तिच्यात पहिले काही दिवस पातळ, कमी ताकदीचं दूधच द्यायचं, तेही थोडं थोडं, रात्रीसुद्धा, आणि लोहाची गोळी सुरुवातीला द्यायचीच नाही. छावणीत आलेल्या नव्या डॉक्टरचा हात नेमका उलट जातो: भरपूर खायला द्या, सलाइन लावा, टॉनिक द्या. म्हणून अशा कामाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. चांगलं मन आणि चांगली पदवी असून भागत नाही.

कॉर्निशचा आकडाही आता तपासता येतो. एक पौंड ज्वारीत साधारण साडेपंधराशे कॅलरी असतात. संकटातल्या लोकवस्तीसाठी आज जगभर धरला जाणारा हिशेब माणशी रोज २१०० कॅलरींचा आहे. तोही लहानमोठे सगळे धरून काढलेली सरासरी, खडी फोडणाऱ्याचा नव्हे.

तर १८७६ ते ७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांच्या वर माणसं मेली. कशाने? सरकारी नोंदींचे रकाने होते ताप, पटकी, हगवण. भुकेने मेला असं लिहायला अधिकारी कचरत, कारण तसं लिहिलं की जाब द्यावा लागे. रोगाचा जाब कुणाला विचारणार? मला या सगळ्या प्रकरणात टेंपलपेक्षा हे रकाने जास्त छळतात.

पुढे १८८०चा दुष्काळ आयोग आला, त्यातून दुष्काळ संहिता आल्या. कामावर दवाखाना हवा, पिण्याच्या पाण्यावर पहारा हवा, अशक्तांना वेगळं काढून शिजवलेलं अन्न द्यावं, असे नियम झाले. कागदावर. छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, छावण्यांमध्ये पटकीने पुन्हा माणसं पटापट गेली. नियम पाळायला माणसं कुठे शिकवली होती?

खरी शिकवणी सुरू झाली ती फार नंतर, आणि ती मेडिकल कॉलेजात नव्हे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले. दोनच वर्षांत बहात्तरचा दुष्काळ पडला. आमच्या घरात अजून त्याच्या गोष्टी निघतात: सुकडी, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, पाझर तलावाच्या कामावर पाळण्यात टाकलेली पोरं. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. आरोळे दवाखाना चालवायला आले होते, पण लोकांनी मागितलं पाणी आणि अन्न. मग विहिरी खोदणं आणि मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक हे त्यांच्या डॉक्टरकीत आलं. त्यांनी गावातल्या बायका निवडल्या, बऱ्याच निरक्षर, अनेक दलित वस्तीतल्या, आणि त्यांना बाळाचं वजन, जुलाबात साखर-मीठ-पाणी, बाळंतपण असं सगळं दर आठवड्याला थोडं थोडं शिकवलं. आज देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना या बायकाही शिकवतात.

बारामतीत २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिली तुकडी जेमतेम रुळत होती तोवर करोनाची टाळेबंदी लागली. त्याच वर्षी देशभर एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला होता. त्यात सामाजिक वैद्यकशास्त्रात आपत्ती व्यवस्थापनावर एक छोटा धडा आहे: व्याख्या, आपत्तीचं चक्र, मानवनिर्मित आपत्ती, राष्ट्रीय प्राधिकरण. दुसऱ्या एका ठिकाणी शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तो परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला. पोषणाचा धडा वेगळा. दोन्ही धडे एका माणसाच्या अंगावर कसे एकत्र येतात ते प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत.

पण त्यासाठी युद्धाची किंवा भूकंपाची वाट बघायची गरज नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. कारखान्याजवळच्या रानात कोप्या उभ्या राहतात. पाणी लांब, संडास नाही, पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात, मागे सहा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर धाकटं. छावणीचं सगळं लक्षण.

तिथे लागणारं हत्यार अगदी स्वस्त आहे. कागदासारखी एक पट्टी, हिरवी, पिवळी, लाल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर गुंडाळायची. ओढायची नाही, सैल सोडायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की लाल. वाचायला न येणाऱ्यालाही ती वापरता येते. पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही बघायचं, कारण सूज पट्टीत दिसत नाही.

मोजून झाल्यावर आकडा लिहायचा कुठे, ही मात्र अडचण असते. मुलाचं नाव असतं त्याच्या गावच्या अंगणवाडीत, दीडदोनशे किलोमीटरवर. वाढीचा तक्ताही तिथेच. त्यावर नोव्हेंबर ते मार्चचे चौकोन कोरे राहतात.