भ्रूणाचे पहिले चौदा दिवस

आई होण्याची वार्ता घरात कळते तेव्हा भ्रूण बहुधा दोन आठवड्यांहून अधिक वयाचा झालेला असतो. निसर्गतः होणाऱ्या गर्भधारणेत हे पहिले चौदा दिवस कोणाच्याही नकळत सरतात. मात्र शरीराबाहेर फलन घडवून आणण्याचे तंत्र रूढ झाल्यापासून या दिवसांतील भ्रूण प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतो, गोठवता येतो आणि संशोधनासाठी वापरताही येतो. त्यामुळे पूर्वी केवळ तत्त्वज्ञांपुढे असलेला प्रश्न आता सामान्य दांपत्यांपुढे आला आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातही आता ‘टेस्ट ट्यूब बेबी’ केंद्रे आहेत. एकेकाळी या उपचारासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणाऱ्या मराठवाड्यातील जोडप्यांना, उपचारानंतर शिल्लक राहिलेल्या भ्रूणांचे काय करायचे, हे आता येथेच ठरवावे लागते. हा निर्णय समजून घ्यायचा, तर आधी या चौदा दिवसांत काय घडते ते पाहिले पाहिजे.

फलन ते ब्लास्टोसिस्ट

बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज बीजवाहिनीच्या रुंद भागात येते आणि तेथेच शुक्राणूशी त्याचे मीलन होते. स्त्रीबीजाचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतका असतो. फलनानंतर साधारण तीस तासांत त्या एका पेशीच्या दोन पेशी होतात. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठच्या आसपास आणि चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा दिसणारा पेशींचा गोळा तयार होतो. या काळात पेशींची संख्या वाढते, पण भ्रूणाचा आकार जवळपास तेवढाच राहतो. पहिल्या दोन-तीन दिवसांचा कारभार स्त्रीबीजात साठवलेल्या सामग्रीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या सुमारास भ्रूणाची स्वतःची जनुके कामाला लागतात. अनेक भ्रूणांची वाढ याच टप्प्यावर थांबते.

पाचव्या दिवशी या गोळ्यात द्रवाने भरलेली पोकळी निर्माण होते. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आता पेशींची पहिली ठळक विभागणी झालेली असते. बाहेरच्या थरातील पेशींपासून पुढे वार तयार होते, तर आत एका बाजूस गोळा झालेल्या मोजक्या पेशींपासून बाळाचे शरीर घडते. मूलपेशी संशोधनाचा सारा वाद आतल्या या पेशींभोवती फिरतो.

रुजण्याचा टप्पा

सहाव्या दिवसाच्या सुमारास ब्लास्टोसिस्ट आपले बाह्य आवरण फोडून बाहेर येते आणि गर्भाशयाच्या अंतःस्तराला चिकटते. या क्रियेला रोपण किंवा रुजणे म्हणतात. ही क्रिया एकतर्फी नसते. बाहेरच्या थरातील पेशी अंतःस्तरात शिरत जातात आणि अंतःस्तरही प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने त्यांना सामावून घेण्यास सज्ज झालेला असतो. ही सज्जता मासिक चक्रातील थोडेच दिवस टिकते. भ्रूण वेळेआधी किंवा वेळेनंतर पोहोचल्यास तो रुजत नाही. भ्रूणातील निम्मी जनुके पित्याकडून आलेली असूनही आईची प्रतिकारशक्ती त्याला परके मानून हुसकावून लावत नाही, हे या टप्प्याचे एक मोठे वैशिष्ट्य आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भ्रूण अंतःस्तरात पूर्णपणे बुडतो. याच काळात तो एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतो. गर्भधारणेची चाचणी याच संप्रेरकाची असते. भ्रूण बीजवाहिनीतच रुजला, तर ती नळी फुटून आईच्या जिवाला धोका संभवतो. म्हणून चाचणी सकारात्मक येऊन पोटात तीव्र दुखत असल्यास तातडीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

सगळेच भ्रूण रुजत नाहीत आणि रुजलेले सगळेच टिकत नाहीत. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२१ स्त्रियांची रोज संप्रेरक-तपासणी करण्यात आली होती. त्यात रोपणापर्यंत पोहोचलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे ३१ टक्के पुढे टिकल्या नाहीत. त्यांतील बहुतांश तर गर्भ राहिल्याचे कळण्याआधीच संपल्या होत्या. उत्तम दिसणारा भ्रूण सोडूनही ‘रिझल्ट’ नकारात्मक आला की अनेक स्त्रिया स्वतःला दोष देतात. जिना चढले, प्रवास केला, वजन उचलले, अशी कारणे शोधली जातात. घरातील वडीलधारी मंडळीही कधी कधी तोच सूर लावतात. वस्तुस्थिती अशी की न रुजण्याचे मोठे कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते आणि ते त्या स्त्रीच्या हातात नसते.

चौदाव्या दिवसाची रेषा

फलनानंतर सुमारे चौदा-पंधरा दिवसांनी भ्रूणाच्या चकतीवर एक पुसट रेषा उमटते. तिला आदिरेषा म्हणता येईल. येथून शरीराची डावी-उजवी बाजू, डोके आणि धड यांची दिशा ठरते. या टप्प्यापर्यंत एका भ्रूणाचे दोन भाग होऊन एकसारखी जुळी मुले होऊ शकतात. त्यानंतर ही शक्यता जवळपास संपते. मेंदू, मज्जारज्जू आणि हृदय यांपैकी काहीही तोपर्यंत अस्तित्वात आलेले नसते. हृदयाचे स्पंदन सुरू होते ते साधारण बाविसाव्या दिवशी.

या जीवशास्त्रीय टप्प्याचा आधार घेऊन ब्रिटनमध्ये मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये शिफारस केली की मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये. १९९० मध्ये तेथे तसा कायदा झाला आणि पुढे अनेक देशांनी तीच मर्यादा स्वीकारली. बरीच वर्षे ही मर्यादा कागदावरच होती, कारण भ्रूण इतके दिवस प्रयोगशाळेत टिकतच नसे. २०१६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील दोन गटांनी भ्रूण तेराव्या दिवसापर्यंत वाढवून दाखवले आणि मर्यादेचा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये चौदा दिवसांवरील सरसकट बंदी शिथिल करून प्रत्येक प्रस्तावाची स्वतंत्र छाननी करण्याची भूमिका घेतली.

मूलपेशी आणि परळचे काम

ज्या पेशीपासून शरीरातील इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात, तिला मूलपेशी म्हणतात. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतही मूलपेशी असतात, पण त्यांपासून मोजक्याच प्रकारच्या पेशी बनतात. ब्लास्टोसिस्टच्या आतल्या पेशींतून मात्र शरीरातील कोणतीही पेशी घडू शकते. अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये अशा मानवी पेशी प्रथमच प्रयोगशाळेत सतत वाढत्या ठेवल्या. मधुमेह, कंपवात, मज्जारज्जूची इजा अशा विकारांवर यातून मार्ग निघेल, ही आशा तेव्हापासूनची आहे. अडचण एकच. या पेशी काढून घेताना भ्रूण नष्ट होतो.

या क्षेत्राशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालय आणि शेजारची प्रजनन संशोधन संस्था यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका टेस्ट ट्यूब बालिकेचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार हे या कार्याचे प्रमुख होते. ही भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी असे तेव्हा मानले गेले. मात्र कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची कागदपत्रे अभ्यासल्यावर आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितले की पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे. मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेला भ्रूण वापरला होता आणि त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली होती. जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्मानंतर केवळ ७० दिवसांनी झालेले हे काम हयातीत उपेक्षितच राहिले. स्वतःच्या नावावर जमा असलेला मान दुसऱ्याला देण्याचे आनंद कुमार यांचे औदार्य भारतीय विज्ञानाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आधीच तयार असलेल्या मूलपेशी-वंशांवरील संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल, असे जाहीर केले. तेथील आरोग्य संस्थेने जगभरातील अशा ६४ वंशांची यादी दिली, तेव्हा त्यांतील दहा भारतातील निघाले. सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे होते. यादी पुढे वाढली, तरी प्रत्यक्षात संशोधकांना वापरता येण्याजोगे वंश सुमारे २१च ठरले. परळच्या त्याच प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काइंड-१’ व ‘काइंड-२’ हे दोन वंश विकसित केले. त्याचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात डॉ. हिंदुजा याही सहभागी होत्या. वंध्यत्वावरील उपचार आणि मूलपेशी संशोधन यांचे नाते यातून स्पष्ट होते. दांपत्यांनी दिलेले भ्रूण नसतील, तर हे संशोधन सुरूच होत नाही.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या सामान्य पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने भ्रूणातील मूलपेशींसारखे रूप दिले. त्यासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. यामुळे भ्रूण नष्ट करण्याची गरज पुष्कळ कमी झाली. तरीही रोपण का फसते, सुरुवातीचे गर्भपात का होतात, हे जाणण्यासाठी खऱ्या भ्रूणाचा अभ्यास अजूनही लागतो.

जीव केव्हापासून?

रोमन कॅथलिक चर्चच्या मते फलनाच्या क्षणापासून भ्रूणाला व्यक्तीचा मान दिला पाहिजे. इस्लामी धर्मशास्त्रातील एका प्रमुख परंपरेनुसार १२० दिवसांनी गर्भात आत्मा येतो. आपल्याकडे चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि आत्मा यांच्या संयोगालाच गर्भ म्हटले आहे, तर गर्भोपनिषदात जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगितला आहे. म्हणजे एकाच परंपरेतही उत्तर एक नाही. विज्ञान टप्पे दाखवू शकते, पण कोणत्या टप्प्यापासून आदर बाळगायचा हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. चौदा दिवसांची मर्यादा हा या मतभेदांतून समाजाने काढलेला समंजस तोडगा आहे. आदिरेषा उमटण्याआधीचा भ्रूण म्हणजे व्यक्ती नव्हे, पण तो टाकाऊ वस्तूही नव्हे, अशी तिच्यामागील भूमिका आहे.

भारतातील नियम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०१३ व २०१७ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार चौदा दिवस किंवा आदिरेषा, यांपैकी जे आधी येईल त्यापुढे मानवी भ्रूण वाढवण्यास मनाई आहे. मानवी क्लोनिंगद्वारे अपत्यनिर्मितीही निषिद्ध आहे. मान्यताप्राप्त चिकित्सा-चाचणीबाहेर रुग्णांवर मूलपेशींचा वापर करणे हा २०१७ च्या तत्त्वांनुसार गैरव्यवहार ठरतो. रक्ताच्या काही विकारांसाठी केले जाणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपण ही सुस्थापित उपचारपद्धती असल्याने त्याला अपवाद आहे. ‘मूलपेशींनी हमखास गुण’ अशा जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे फलनापासून ५६ दिवसांपर्यंतच्या जीवाला भ्रूण म्हणतात. भ्रूण गोठवण्यापूर्वी, दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यास किंवा कोणी अक्षम झाल्यास काय करावे, याची लेखी सूचना केंद्राने घेतली पाहिजे. भ्रूण कमाल दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नैसर्गिकरीत्या नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला दान करता येतात. भ्रूणांची विक्री करता येत नाही. भ्रूणाचे लिंग पाहून निवड करणे हा गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. हे पाहता मराठवाड्यात या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

निर्णय दांपत्याचा

दान आणि नाश या दोहोंपैकी योग्य कोणते, याचे एकच उत्तर नाही. ज्यांनी मुलासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना शिल्लक भ्रूणात आपल्या बाळाचे भावंड दिसू शकते. दुसऱ्या कोणाला वाटेल की आपल्यासारख्याच एखाद्या जोडप्याचे दुःख त्यातून हलके व्हावे. दोन्ही भावना आदरणीय आहेत. अट एवढीच की निर्णय घाईत, उपचाराच्या खर्चाच्या दडपणाखाली किंवा न वाचता केलेल्या सहीने होऊ नये. संमतिपत्र समजेल अशा भाषेत मागावे, भ्रूण किती आहेत व कधीपासून साठवले आहेत याची नोंद घ्यावी, आणि संशोधनासाठी देणार असल्यास कोणती संस्था, कोणते संशोधन, हे विचारावे. नकार दिल्याने उपचारात फरक पडता कामा नये. उपचार संपताच हा विषय विस्मरणात जातो आणि दहा वर्षांनी केंद्राचे पत्र येते. त्या पत्राचे उत्तर पती-पत्नींनी आधीच आपसांत बोलून ठेवलेले बरे.