ओमाहाच्या आधी लुइस्टन

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलवर जे लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक ओमाहात भरणाऱ्या मोठ्या स्पर्धेबद्दल असतं. मोठी विद्यापीठं, भरलेली स्टँड, टीव्हीचे कॅमेरे. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना माझं सांगणं असं, की ओमाहा राहू द्या, आधी लुइस्टनला या.

आयडाहो राज्यात, स्नेक आणि क्लिअरवॉटर या नद्यांच्या संगमावर हे तीस-पस्तीस हजार वस्तीचं गाव आहे. मेअखेरीस इथल्या हॅरिस फील्डवर एनएआयए या लहान कॉलेजांच्या संघटनेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. संघटनेचं मूळ १९३७ साली कॅन्सस सिटीत झालेल्या बास्केटबॉल स्पर्धेत. बेसबॉलची पहिली स्पर्धा १९५७ साली टेक्ससमधल्या अल्पाइनला झाली आणि गावातल्याच सल रॉस कॉलेजने ती जिंकली.

यजमानच जिंकतो, ही गोष्ट तेव्हापासून या विषयाला चिकटली आहे. लुइस्टनच्या लुइस-क्लार्क स्टेट कॉलेजच्या नावावर १९ अजिंक्यपदं आहेत, त्यातली १६ प्रशिक्षक एड चेफ यांच्या काळातली. बराच काळ यजमान म्हणून या संघाला थेट प्रवेशही मिळत असे. मग घरचं मैदानच जिंकलं म्हणायचं का? मला ते पटत नाही. १९९२, १९९६ आणि १९९९ मध्ये स्पर्धा दुसरीकडे होती, तरी हाच संघ जिंकला. अर्थात उरलेली १६ घरची, हेही विसरून चालणार नाही. वाद मिटलेला नाही, आणि अभ्यासकाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही.

आता थोडं गणित. इथे एका पराभवाने संघ बाद होत नाही, दुसऱ्याने होतो. दहा संघ असतील, तर नऊ जण दोन-दोनदा हरल्याशिवाय विजेता ठरत नाही; म्हणजे १८ सामने, आणि विजेताही एकदा हरला असेल तर १९. कागदावर सोपं आहे. मैदानावर मात्र पहिलाच सामना हरलेल्याला पुढे जास्त सामने खेळावे लागतात आणि पिचरच्या खांद्याला विश्रांती हवी असते. पहिल्या दिवशी दमवलेला चांगला पिचर शेवटच्या दिवशी हाताशी नसतो. म्हणून या स्पर्धेत नुसता निकाल वाचू नये. कोणत्या दिवशी कोणी किती चेंडू टाकले, ते पाहावं. खरी गोष्ट तिथे असते.

त्यासाठी गुणवही वाचता यायला हवी. सुरुवातीला ती किराणा दुकानदाराच्या खतावणीसारखी दिसते, पण तासाभरात उलगडते. प्रत्येक जागेला एक आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३. जमिनीलगत आलेला चेंडू पिचरने उचलून पहिल्या बेसकडे टाकला आणि फलंदाज बाद झाला, तर नोंद होते १-३.

लुइस-क्लार्ककडून खेळलेला कीथ फोक पुढे बॉस्टन रेड सॉक्सचा पिचर झाला. १९१८ नंतर बॉस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली ती २००४ साली. शेवटचा चेंडू त्याच्याच हातात आला आणि त्याने तो पहिल्या बेसकडे टाकला. वहीत नोंद आहे: १-३.