दोन दातांचा गोऱ्हा

आधी बूट काढा. फोनही इथंच ठेवा, तिकडं त्याला कुणी विचारत नाही. धोतर जमत नसेल तर नेसवून देणारा कुणीतरी भेटेल, पण मुंडासं घट्ट बांधा. आज डोक्यावरून बरीच धूळ जायची आहे. झालं? आता डोळे मिटा आणि अकोला-नांदेड रस्त्यावरचे ट्रक एकेक करून दूर जाऊ द्या.

उघडा. साल 1935, संक्रांतीनंतरचा आठवडा, आणि तुम्ही कनेरगाव नाक्यावर उभे आहात.

सगळ्यात आधी तळपायांना कळतं. मातीत रात्रीचा गारवा अजून आहे. मग नाकाला कळतं: शेण, कडबा, चिलमीतला तंबाखू आणि कुठंतरी गोवऱ्यांच्या आरात भाजणारा हुरडा. मग कानांना. कापसाच्या गाड्यांची रांग लागलीय, वंगण आटलेले आख करकरताहेत आणि गाडीवान एकमेकांच्या बैलांना शिव्या देताहेत, माणसांना देता येत नाहीत म्हणून. पूर्णेहून निघालेली निजामाची रेल्वे हिंगोलीला येऊन थांबते. इथं रूळ पोचायला अजून एक पिढी जायची आहे. तोवर कापूस, ज्वारी, नवरी, आजारी म्हातारा, जे काही हलायचं ते बैलाच्या खांद्यावरच हलणार.

नाक्याच्या अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजी अंमलातलं वऱ्हाड. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, मुन्शी खाटेवर वही उघडून बसलाय. तुमच्या कनवटीला एक रुपया लागतो. काढून बघा, वर चारमिनार आहे. हा हाली सिक्का. पलीकडं जॉर्ज बादशहाचा कलदार चालतो, आणि 100 कलदार घ्यायचे तर 116 च्या वर हाली मोजावे लागतात. बोलीसुद्धा याच शिवेवर बदलते. इकडचा म्हातारा ‘कामून?’ विचारतो, तिकडचा ‘काऊन?’ विचारतो, आणि उत्तर दोघांनाही एकच मिळतं.

आज ते उत्तर म्हणजे एक गोऱ्हा.

मुन्शी तुमच्या बोचक्याकडं बघतसुद्धा नाही. त्याची नजर तुमच्या खांद्यावरून मागं गेलीय. ‘आया क्या वो?’ तो विचारतो. तुम्ही वळता, सगळी रांग वळते. करकरणारे आख थांबतात.

दोघं जण कासरे धरून त्याला आणताहेत. पांढरा, मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक, तोंड लांबट, पाय काटक. वर्ध्याकडची गवळाऊ जात, वासरू असताना बाजारातून आणलेली. आपल्याकडचा लाल कंधारी नांगराला वाघ, पण पळायचं म्हटलं की गवळाऊचं नाव निघतं. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, आणि दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा. तेवढ्यावर भागलेलं दिसत नाही. एक आजीबाई मीठ-मोहरीची मूठ त्याच्यावरून उतरवतात आणि जाता जाता तुमच्याकडं संशयानं बघतात. तुम्ही परके. तुमचीच लागायची.

‘दात बघू द्या,’ कुणीतरी म्हणतं. मालक ओठ वर करतो. खालच्या जबड्यात मधले दोन दात रुंद आणि कोरे, बाजूचे अजून दुधाचे. दुसा आहे. अजून चौसा व्हायचाय, मग सहा दात, मग जुळायचा. म्हणजे अर्ध्या मिशा फुटलेलं पोर. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, अजून एकदाही पळालेला नाही. आणि तरी काय काय ऐकू येतंय! रात्री दावं तोडून विहिरीच्या थारोळ्यावरून पलीकडं गेला म्हणे. सुगीत भरली गाडी चढाला एकट्यानं ओढली म्हणे. हे सांगणाऱ्यांपैकी कुणीही ते पाहिलेलं नाही आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही शंका नाही.

‘याला काय घालता?’ तुम्ही विचारून बघा. मालक बोलायच्या आत चौघं उत्तर देतात. सरकी, ढेप, भिजवलेला हरभरा. थंडीत गूळ. एक जण हळूच म्हणतो, तूपसुद्धा, पण घरात सांगू नका. गावातल्या बऱ्याच घरांनी या गोऱ्ह्यासाठी काही ना काही दिलंय, कुणी पेंडी, कुणी घुंगरं, कुणी नुसताच सल्ला. म्हणून तो एकाचा राहिलेला नाही. एक व्यापारी मालकाचा हात उपरण्याखाली घेतो, बोटं दाबली जातात, भाव ठरवायची ही मुकी भाषा. मालक हात सोडवून घेतो. ‘इकायचा न्हाई.’ गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघतो, जणू प्रत्येकाचंच जनावर वाचलं.

चला, गर्दी नेईल तसं. पैनगंगेचं पाणी गुडघ्याएवढं आहे आणि असं गार की दात वाजतात. पलीकडच्या काठावर पट आखलाय. काळ्या रानातली ढेकळं फोडून, पाणी शिंपडून, दाबून दोन सरळ पट्ट्या केल्यात. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बाभळीवर पोरं, गाड्यांच्या साट्यांवर बायका, मधून शेव-मुरमुऱ्याच्या आणि रेवड्यांच्या पाट्या. ऊन चढतं तशी धूळ गरम होते, घामाला चिकटते, ओठांवर तिची खारट चव येते. शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत आहे आणि तुमचा पाय कुणाच्या तरी पायावर. माफी मागू नका, ऐकू जाणार नाही.

जोड्या सुटू लागतात. रेंगी म्हणजे दोन चाकं आणि त्यांवर बसण्यापुरती फळी, वजन असं काही नाहीच. धुरकरी तिच्यावर उकिडवा, एका हातात कासरे, दुसऱ्यात तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी. ‘सुटली!’ ही आरोळी तिकडच्या टोकाला उठते आणि माणसांच्या भिंतीवरून तुमच्यापर्यंत धावत येते. तिच्या मागोमाग जमीन. खरंच, खूर आधी पायांना लागतात, डोळ्यांना नंतर. मग एक पांढरा लोट, घुंगरांचा कल्लोळ, आणि संपलंसुद्धा. तेवढ्यासाठी माणसं दोन-दोन मुक्काम करून आलीत.

तुमच्या शेजारी एक वऱ्हाडी काका आहेत, पानानं ओठ लाल. ‘लावता का काही? त्या तुमच्या पोरावर?’

आता गंमत बघा. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. हा मुन्शी, ही वही, हा चारमिनारचा रुपया, सगळं जाणार आहे. नाका जाईल आणि नाव तेवढं उरेल. पण इथं जमलेल्या माणसांना ज्या एकाच गोष्टीचं भविष्य हवंय, ते तुमच्याकडं नाही. या गोऱ्ह्याचं काय होणार, कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. त्यांच्याइतकेच तुम्हीही कोरे आहात, आणि तुमच्या छातीत काहीतरी खुरांसारखं वाजायला लागलंय.

‘एक रुपया,’ तुम्ही म्हणता. तुमचाच आवाज तुम्हाला ओळखू येत नाही.

गोऱ्ह्याला एका जुन्या, शहाण्या बैलाबरोबर जुंपलंय. म्हातारा शांत उभा, पोर कातडी थरथरवतंय, नाकपुड्या मोठ्या. रुमाल पडतो.

सुटली!

तुम्ही ओरडताय. काय ओरडताय ते महत्त्वाचं नाही. गोऱ्हा पहिल्या झेपेतच जू पुढं ओढतो, म्हाताऱ्या बैलाला आयुष्यात प्रथमच कुणीतरी खेचून नेतंय. अर्धा पट झाला आणि बाजूची जोडी एका रेंगीनं मागं. तेवढ्यात वाऱ्यानं कुणाचं तरी लाल उपरणं उडतं आणि बरोबर पट्टीवर येऊन पडतं.

गोऱ्हा थांबत नाही. वळतही नाही. तो उडी मारतो.

चारही पाय जमिनीवरून वर, खांद्यावर जू, पाठीला रेंगी, असा तो क्षणभर हवेत दिसतो. शिवळ मोडल्याचा आवाज तुम्हाला इथवर येतो. जू तिरकं होतं, म्हातारा बैल हिशोबानं थांबतो, धुरकरी धुळीत लोळण घेऊन शिव्या देत उठतो. बाजूची जोडी रमतगमत पुढं निघून जाते.

हरला. क्षणभर सगळीकडं शांतता.

आणि मग हसू फुटतं. ‘पाह्यलं का? पाह्यलं का उडी?’ माणसं छातीएवढे हात वर करून उंची दाखवताहेत, जरा वेळानं तेच हात डोक्याएवढे होतात. जिंकलेल्या जोडीचं नाव कुणी विचारत नाही. ‘चौसा होऊ द्या त्याला, मग बघा.’ मालक गोऱ्ह्याच्या मानेवर हात फिरवतोय. तो धापा टाकत कुणाच्या तरी हातातली रेवडी चाटतोय, आपण काय केलं याचा त्याला पत्ता नाही.

तुम्ही रुपया पुढं करता. काका चारमिनार बघून तोंड वाकडं करतात. ‘हाली? हा आमच्याकडं नाही चालत, बाप्पा. कलदार द्या.’ कलदार तुमच्याकडं नाही. ते तुमची मूठ परत मिटवून देतात. ‘राहू द्या. पुढच्या साली पटावर देजा. तो तं येईनच, तुम्हीबी या.’

धूळ खाली बसते आणि हॉर्न वाजतो. तुम्ही महामार्गाच्या कडेला अनवाणी उभे आहात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं पट थांबले होते, 2021 च्या डिसेंबरात अटींसह परत आले. आता तुतारीला मनाई आहे आणि सेकंद मोजायला घड्याळं आहेत. चहाच्या टपरीवर कुणीतरी फोनमध्ये एका गोऱ्ह्याचे दात दाखवतोय. तिघं वाकून बघताहेत.

जायचं तर जा तिकडं. फक्त सुटा रुपया जवळ ठेवा. वऱ्हाडातल्या एका माणसाचं तुम्ही देणं लागता.