पिक्चरफोन ते झूम

आमच्या रोजच्या दहाच्या मीटिंगला आम्ही अकरा जण असतो आणि कॅमेरा एकाचाही चालू नसतो. परवा त्यावरून विषय निघाला आणि अख्खा शनिवार पिक्चरफोनबद्दल वाचण्यात गेला.

समोरच्याचा चेहरा दिसणारा फोन! एटी अँड टीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकांना दाखवला. त्याच वर्षी तीन शहरांत बूथ सुरू झाले. तीन मिनिटांच्या कॉलला १६ ते २७ डॉलर, तेही तेव्हाचे. १९७० मध्ये पिट्सबर्गच्या ऑफिसांना ही सेवा मिळू लागली. सुरुवातीला आठ कंपन्यांत मिळून ३८ संच, भाडं महिन्याला १६० डॉलर, त्यात बोलणं फक्त अर्धा तास. बरं, एवढे मोजून फोन लावायचा कोणाला, तर उरलेल्या ३७ जणांना. काही वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. लोकांना फोनवर चेहरा दाखवायचाच नव्हता, असंही कारण सांगतात. आमची मीटिंग बघता पटतं :)

पण मला खरी गोम दुसरीच वाटते. पिक्चरफोन सेकंदाला ३० वेळा अख्खं चित्र पाठवायचा. त्याला फोनच्या तारांच्या तीन जोड्या लागायच्या. १९८८ मध्ये एच.२६१ हे मानक आलं. त्याची मुख्य युक्ती अगदी घरगुती: मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं. मागची भिंत हलत नाही ना, मग ती पुन्हा कशाला पाठवा? पुढे कॉर्नेल विद्यापीठातलं सीयू-सीमी (१९९२), २००६ पासून स्काईपचा व्हिडिओ (२०२५ मध्ये स्काईप बंदही झालं), २०१३ मध्ये झूम... कोडेक बदलत गेले, युक्ती तीच राहिली.

ती मला नीट कळली एप्रिल २०२० मध्ये. लॉकडाऊन होता, मी पुण्यात, आणि साताऱ्याजवळ गावी आजोबा गेले. जिल्ह्याची हद्द ओलांडता येईना. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत टेकवून ठेवला. गावात रेंज जेमतेम, तरी आजोबांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, कपाळावरचा बुक्कासुद्धा. मला वाटलं, नशीब, आज नेट बरंय.

अग्नी दिल्यावर मात्र पडद्यावर नुसते केशरी चौकोन चौकोन उरले. ज्वाळांमध्ये क्षणाक्षणाला सगळंच बदलत असतं, तेवढं पाठवायला ती रेंज पुरणार कशी?

"दिसतंय का रे?" भाऊ विचारत होता.

"दिसतंय," म्हटलं.