रविवार नसलेला देश

सुट्टी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपण चटकन म्हणू, काम नसलेला दिवस. सोव्हिएत रशियाच्या राज्यकर्त्यांचीही अशीच समजूत होती. १९२९ साली त्यांनी तिच्यावर अख्ख्या देशाचं कॅलेंडर बेतलं. पुढे जे झालं ते वाचल्यापासून मी रविवारकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलोय.

तेव्हा पहिली पंचवार्षिक योजना जोरात होती. परदेशातून महागडी यंत्रं आणायची आणि दर रविवारी ती थंड ठेवायची, हे काहींना खुपत होतं. मे १९२९ मध्ये युरी लारिन या अर्थतज्ज्ञानं सुचवलं की कारखाने वर्षभर अखंड चालवा. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण स्टालिनची पसंती मिळाली आणि वर्तमानपत्रं त्या योजनेचे गोडवे गाऊ लागली. त्याच वर्षीच्या शेवटी शेवटी ती लागूही झाली. तिचं नाव 'नेप्रेरिव्का', म्हणजे खंड नसलेली.

आठवडा पाच दिवसांचा झाला. कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक रंग दिला: पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा. चार दिवस काम, पाचव्या दिवशी आपल्या रंगाची सुट्टी. म्हणजे रोज पाचातला एक गट घरी आणि चार गट कामावर. अशा ७२ आठवड्यांचे ३६० दिवस, शिवाय मे दिन, क्रांतिदिन वगैरे मिळून पाच राष्ट्रीय सुट्ट्या. झालं वर्ष पूर्ण!

प्रचाराला हा हिशेब फार सोयीचा होता. पूर्वी सातव्या दिवशी मिळायची ती सुट्टी आता पाचव्या दिवशी मिळणार! आणि न बोलता साधायचा दुसरा हेतूही होता. रविवार गेला की चर्च रिकामं पडेल, आणि शुक्रवार-शनिवार गेले की मशीद आणि सिनेगॉगही. रशियन भाषेत रविवारच्या नावाचा अर्थच मुळी 'पुनरुत्थान' असा आहे.

आकड्यांत सगळं बरोबर होतं. पण नवरा पिवळा, बायको हिरवी, मुलांच्या शाळेचा दिवस तिसराच! मित्राकडे जायचं तर आधी त्याचा रंग आठवायचा. बायको कारखान्यात, मुलं शाळेत आणि भेटायला कुणी येऊ शकत नाही, अशा घरात आम्ही करायचं काय, एकट्यानं काढायची ती सुट्टी कसली, अशी तक्रार तर 'प्रावदा'तच एका कामगारानं केली होती. विश्रांती वाढली होती, सोबत नाहीशी झाली होती.

गंमत म्हणजे यंत्रांनाही हे मानवलं नाही. सतत चालल्यानं दुरुस्तीला वेळ मिळेना. एकाच यंत्रावर रोज वेगळा माणूस, त्यामुळे बिघडलं तर जबाबदार कुणीच नाही. जून १९३१ मध्ये खुद्द स्टालिननंच या बेजबाबदारीवर कोरडे ओढले. त्याच वर्षाच्या अखेरीस सहा दिवसांचा आठवडा आला आणि महिन्याच्या ६, १२, १८, २४, ३० तारखांना सगळ्यांना एकत्र सुट्टी मिळू लागली. खेड्यांतले शेतकरी मात्र या सगळ्या काळात बऱ्याच ठिकाणी आपला जुना रविवारच पाळत राहिले. शेवटी २६ जून १९४० च्या हुकमानं सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला.

पण तो कसा आला, हेही बघा. त्याच हुकमानं कामाचा दिवस सातावरून आठ तासांचा झाला, परवानगीशिवाय नोकरी सोडणं गुन्हा ठरलं आणि वीस मिनिटांहून जास्त उशीर झाला तर थेट कोर्ट. लाखो लोकांना शिक्षा झाल्या. हे गुन्हे रद्द व्हायला १९५६ साल उजाडलं. रविवार मिळाला, पण बाकीचे सहा दिवस आणखी आवळून!

मला वाटतं, राज्यकर्त्यांनी तास मोजले, दिवस मोजले, पण माणसं एकमेकांना कधी भेटणार हे मोजलंच नाही. त्याला मोजपट्टीच नव्हती. आपल्याकडेही शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नवरा-बायकोला वेगवेगळ्या दिवशी सुट्टी मिळते, तेव्हा त्या घरात कुणाला 'नेप्रेरिव्का' समजावून सांगावी लागणार नाही.

असो. येत्या रविवारी सगळे घरी असाल, तर जेवायला एकत्र बसा.