बेहड्याची फळे आणि सारीपाटाचे फासे

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान विदर्भकन्या दमयंतीची कथा म्हणून घराघरांत ठाऊक आहे. तथापि तिच्यात गणिताच्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा असा एक प्रसंग आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होऊन त्याला विदर्भाच्या राजधानीकडे, कुंडिनपुराकडे, घेऊन निघालेला असताना, वाटेतल्या बेहड्याच्या दोन फांद्यांवर २,०९५ फळे असल्याचे तो राजा नुसत्या नजरेने सांगतो, आणि बाहुक झाड पाडून फळे मोजतो तेव्हा ती नेमकी तेवढीच भरतात. आपल्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, अवगत असून आपण गणनेतही निपुण आहोत, असा या कौशल्याचा उलगडा ऋतुपर्ण करतो. द्यूत आणि गणना यांना एकाच विद्येच्या दोन बाजू मानणारी ही दृष्टी खरोखर असामान्य आहे.

येथे बेहडाच यावा हेही सार्थ आहे, कारण प्राचीन द्यूतातील ‘अक्ष’ म्हणजे त्याचीच फळे होत. विदर्भाच्या पानगळीच्या जंगलांत आजही सापडणारे हे करड्या, मखमली सालीचे फळ वाळल्यावर त्यावर पाच पुसट कंगोरे उमटतात, परंतु अंक कोरण्याजोगी स्वच्छ बाजू त्याला नसते. म्हणून मूठभर फळे उचलून त्यांना चाराने भागत आणि बाकी काही न उरल्यास कृत, तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर व एक उरल्यास कली म्हणत, असे अभ्यासक मानतात. एका मुठीतून दोन वेगळ्या बाक्या उरू शकत नाहीत. अशा परस्परवर्जी घटनांत कृत किंवा त्रेता पडण्याची शक्यता काढायची तर दोहोंच्या शक्यतांची बेरीज पुरते.

द्यूताचा हा धागा मध्ययुगातही तुटलेला नाही. तेराव्या शतकातील लीळाचरित्रानुसार, द्यूतात हरलेल्या हरिपाळदेवांना देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेने दागिने नाकारले, तेव्हा ते आज नागपूर जिल्ह्यात असलेल्या रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाले आणि ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंना भेटले. हे हरिपाळदेवच पुढे चक्रधरस्वामी झाले.

सारीपाटाच्या लांबट, चार बाजूंच्या फाशांनी मात्र हिशेबाचे स्वरूपच बदलले. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता १/४ असली, तरी दोन फाशांपैकी निदान एकावर सहा पडण्याची शक्यता १/२ होत नाही: एकूण १६ दानांपैकी पहिल्यावर सहा असणारी चार आणि दुसऱ्यावर सहा असणारी चार धरली, तर सहा-सहा हे दान दोनदा मोजले जाते, म्हणून ते एकदा वजा करून ७/१६ उरतात. एकाच वेळी घडू शकणाऱ्या या घटनांना परस्परव्यापी म्हणता येईल. तीन फासे घेतल्यास निव्वळ बेरीज ६४ पैकी ४८ अनुकूल दाने दाखवते. जोडीजोडीने दोनदा मोजलेली १२ दाने वजा करून, त्या वजाबाकीत पुरते गळून पडलेले सहा-सहा-सहा हे एक दान पुन्हा मिळवले, की खरी संख्या ३७ येते.